अपेंडिक्स निरोगी निघालं, मग पोट दुखतंय कशामुळे? तातडीच्या पोटदुखीची अनोळखी कारणं आणि त्यांची शस्त्रक्रिया

उजव्या बाजूला छोटा छेद घेतला, अपेंडिक्स वर काढलं आणि ते गुलाबी, मऊ, अगदी निरोगी निघालं. शेजारी मात्र पिवळसर हिरवं पाणी साचलेलं. सर्जरी शिकणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ एकदा तरी येते. ते पाणी पित्ताचं असतं. भोक वर जठराला किंवा ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, पडलेलं असतं आणि पाणी ओघळत खाली उजव्या कुशीत उतरलेलं असतं. मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला असाच कोसळला. दुखणं अपेंडिक्सचं वाटत होतं, घात फुटलेल्या अल्सरने केला. ऑपरेशननंतर आठ दिवसांत, वयाच्या ३१ व्या वर्षी तो गेला. या फसवणुकीला सर्जन आजही त्याच्या नावाने ओळखतात.

फुटलेला अल्सर काही दुर्मीळ नव्हे. फसवलं ते जागेने. दुर्मीळ कारणांचंही बरचसं असंच असतं, असं माझं मत आहे. ती जिथे दडतात तिथे कुणी हात लावलेला नसतो, म्हणून ती हुकतात. जांघ, जुना वण, वृषण, छातीचा तळ, लघवीची बाटली, औषधांची पिशवी. पुढचा सगळा मजकूर या जागांबद्दल आहे आणि तो तातडीच्या विभागात उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांसाठी लिहिला आहे. इतरांनी जरूर वाचावा, पण पोट अचानक असह्य दुखू लागलं, दगडासारखं कडक झालं, चक्कर येऊ लागली किंवा शौच-वारा बंद होऊन उलट्या सुरू झाल्या, तर फोन खाली ठेवून आधी रुग्णालय गाठावं.

पहिली पायरी: आधी माणूस सावरा

निदान काय हा प्रश्न दहा मिनिटं थांबू शकतो, रक्तदाब थांबत नाही. दोन जाड सुया, सलाईन, ऑक्सिजन. उलट्या आणि पोटफुगी असेल तर राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी. लघवीची नळी घालून तासाचं माप लिहीत राहायचं; दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिली लघवी होत असेल तर मूत्रपिंडापर्यंत रक्त पोहोचतंय. जंतुसंसर्गाने शॉक असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासातच जायला हवं. अशा रुग्णाला पहिल्या तीन तासांत दर किलोमागे साधारण ३० मिली सलाईन लागतं, मात्र दर अर्ध्या लिटरनंतर छाती ऐकायची.

याला एक अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवायला हवा. आत रक्तस्राव चालू असेल, म्हणजे महाधमनीचा फुगा फुटला असेल किंवा गर्भनलिका फुटली असेल, तर बाटल्यांवर बाटल्या चढवून रक्तदाब १२० वर न्यायचा नसतो. त्याने जेमतेम धरलेली गुठळी सुटते. रुग्ण शुद्धीत आहे, बोलतोय, वरचा दाब ८० ते ९० च्या आसपास आहे, एवढ्यावर समाधान मानायचं. रक्त मागवायचं आणि ट्रॉली ऑपरेशन थिएटरकडे वळवायची.

रक्त काढतानाच हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, क्षार, साखर, लायपेज (स्वादुपिंडासाठी) आणि लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल) पाठवा, रक्तगट जुळवायला द्या. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची गर्भचाचणी करायचीच, ती किंवा तिच्या घरचे काहीही सांगोत. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा ईसीजी काढायचा, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखतो आणि अशा माणसाला ॲसिडिटीचं औषध देऊन घरी पाठवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आणि वेदनाशामक द्या. दुखणं कमी केलं तर निदान चुकेल, ही जुनी समजूत नंतरच्या अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. उलट मॉर्फिन शिरेतून गेल्यावर रुग्ण सैल होतो आणि खरोखर कुठे दुखतंय ते बोटाने दाखवू शकतो.

दुसरी पायरी: कळ आली तेव्हा तुम्ही काय करत होतात?

कधीपासून दुखतंय, एवढंच विचारून थांबू नका. माणूस 'बेसिनपाशी दात घासत होतो आणि कुणी सुरा खुपसल्यासारखं झालं' असं सांगू लागला, की यादी एकदम आखूड होते. क्षण आठवतो याचा अर्थ काहीतरी फुटलंय, पीळ पडलाय किंवा रक्तवाहिनी बंद झाली आहे. सूज हळूहळू चढते, तिला असा नेमका क्षण नसतो.

मग दुखणं आधी की उलटी आधी, हे विचारा. जोरदार उलट्यांच्या पाठोपाठ छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात भयंकर कळ आली असेल तर अन्ननलिका फाटल्याची शंका घ्या. हरमान बूरहाव्ह यांनी १७२४ मध्ये हा प्रकार प्रथम नोंदवला. फाट बहुतेकदा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, डाव्या बाजूला असते. गळ्यापाशी कातडीखाली दाबल्यावर कुरकुर जाणवली तर हवा तिथवर पोहोचलेली आहे. पोट मऊ आणि रुग्ण मरणपंथाला, असा विरोधाभास दिसला की एक हात छातीकडे गेलाच पाहिजे.

औषधांची पिशवी रिकामी करून बघा. स्टेरॉइड घेणाऱ्याचं पोट फुटलेलं असूनही मऊ लागू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचा वयस्कर माणूस दोन दिवस खोकला आणि नाभीच्या खाली एका बाजूला कडक, दुखरी गाठ आली, तर रक्त पोटाच्या स्नायूच्या म्यानात साचलेलं असू शकतं. ब्लड प्रेशरच्या प्रिल गटातल्या गोळ्यांनी क्वचित आतड्यालाच सूज येते. वजन कमी करण्याचं ऑपरेशन पूर्वी झालंय का, हेही विचारा. अशी माणसं खूप बारीक झाल्यावर मेसेंटरीतल्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या घडीतल्या, फटी मोठ्या होतात आणि आतडं त्यातून सरकतं. आणि नाडी अनियमित आहे का? या प्रश्नाकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

तिसरी पायरी: हात कुठे कुठे जायला हवा

चादर नाभीपर्यंत वर केली आणि पोट दाबलं, ही तपासणी नव्हे. पोट तपासायचं म्हणजे स्तनाग्रापासून गुडघ्यापर्यंत बघायचं.

जांघेपासून सुरुवात करा. आतडं अडलेल्या बारीक, वयस्कर बाईत मांडीच्या मुळाशी असलेली सुपारीएवढी गाठ दिसत नाही, बोटालाच लागते. तीही नसेल तर एक प्रश्न विचारा: मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते का? पाय सरळ करून बाहेर नेला आणि आत वळवला की ती वाढते का? वाढत असेल तर ऑब्ट्युरेटर हर्निया डोक्यात आलाच पाहिजे. कटीच्या हाडातल्या भोकातून आतड्याचा तुकडा निसटतो आणि तिथल्या नसेवर दाब येतो. बाहेर गाठ जवळपास कधीच दिसत नाही. माझ्या पाहण्यातली अशी एक आजी दोन आठवडे गुडघ्याला मलम चोळून घेत होती. गुडघ्याचा एक्स-रे निघाला होता, पोटाचा निघाला नव्हता.

मुलगा किंवा तरुण पोट धरून आला आणि लाजेने काही सांगत नसेल, तर वृषण तपासल्याशिवाय त्याला सोडू नका. पीळ पडलेलं वृषण साधारण सहा तासांच्या आत सोडवलं तर बहुधा वाचतं, पुढे शक्यता झपाट्याने घसरते. सुरुवातीला दुखणं खालच्या पोटातच असू शकतं.

यानंतर कार्नेटची चाचणी करा. १९२६ मध्ये जॉन कार्नेट यांनी सांगितलेली ही युक्ती अर्ध्या मिनिटाची आहे. दुखऱ्या जागी बोट ठेवा, रुग्णाला हात छातीवर घेऊन डोकं-खांदे उचलायला सांगा. स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर कारण पोटाच्या भिंतीत, कमी झालं तर आत. भिंतीतलं रक्त, अडकलेली नस, पुरळ उठण्याआधीची नागीण हे सगळं इथे पकडता येतं. नागिणीचं पुरळ दुखण्यानंतर काही दिवसांनी उठतं, म्हणून पहिल्या रात्री पित्ताशयाचा निष्कारण संशय येतो. अर्थात चाचणीवर आंधळा विश्वास नको. पोटात पसरलेली सूज असेल तर ती काही सांगत नाही.

आता त्या अनियमित नाडीकडे. माणूस तळमळतोय, ओरडतोय, आणि पोट मात्र मऊ. तपासणीत काही सापडत नाही म्हणून नर्स म्हणते, 'घाबरलाय थोडा.' मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या चित्राची. हृदयातली गुठळी सुटून आतड्याच्या मुख्य धमनीत, सुपीरियर मेसेंटेरिकमध्ये अडकली की आतडं उपाशी पडतं, पण पेरिटोनियमला, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला, अजून सूज आलेली नसते. पोट कडक होईपर्यंत थांबणं म्हणजे आतडं मरण्याची वाट बघणं. सुरुवातीला लॅक्टेटही ठीक येऊ शकतं, तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नका. निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात असा हा आजार आहे आणि वाचणाऱ्यांमध्ये मोठा वाटा त्यांचा, ज्यांची शंका पहिल्या काही तासांत घेतली गेली.

चौथी पायरी: चित्रं कोणती, आणि स्वतः बघा

उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसली तर प्रश्न मिटला. दिसली नाही तर मिटला असं समजू नका. छिद्र लहान असेल किंवा ओमेंटमने, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पदराने, झाकलं असेल तर हवा दिसत नाही. खाटेशेजारच्या सोनोग्राफीत पोटात मोकळं रक्त आणि महाधमनीचा फुगा दोन मिनिटांत कळतो. बाकी बहुतेकांसाठी शिरेतून डाय देऊन केलेला सीटी स्कॅन हेच उत्तर. आतड्याच्या रक्तपुरवठ्याची शंका असेल तर तो अँजिओग्राफी पद्धतीने हवा, आणि क्रिएटिनिन वाढलंय म्हणून तो टाळू नये. मूत्रपिंड सावरता येतं, सबंध लहान आतडं गेल्यावर काही सावरता येत नाही. ज्याचा दाब टिकत नाही आणि सोनोग्राफीत रक्त दिसलंय, त्याला मात्र स्कॅनच्या बोगद्यात पाठवायचं नाही.

रिपोर्टची वाट न बघता संगणकाच्या पडद्यासमोर स्वतः बसा. जांघेची आणि ऑब्ट्युरेटर भोकाची पट्टी दोन्ही बाजूंनी तुलना करून बघा. मेसेंटरीच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळल्या आहेत का? आतड्याच्या भिंतीत किंवा यकृताच्या शिरांत हवा आहे का? पित्तनलिकेत हवा, फुगलेलं लहान आतडं आणि भलत्याच जागी खडा, हे त्रिकूट लिओ रिगलर यांनी १९४१ मध्ये सांगितलं. पित्ताशयातला मोठा खडा भिंत झिजवून आतड्यात उतरला आणि अडकला, असा त्याचा अर्थ. एकच चरबीचा लांबट गोळा, भोवती सुजेची कड आणि मधोमध ठिपका दिसला तर सुरी बाजूला ठेवा. मोठ्या आतड्याला लटकणाऱ्या चरबीच्या एखाद्या लोलकाला पीळ पडलेला आहे. दुखण्याची गोळी आणि एक-दोन आठवडे एवढाच उपचार.

पाचवी पायरी: कुणाचं पोट उघडायचं नाही

पोटावर तीन-चार जुने वण, प्रत्येक ऑपरेशनात 'काही सापडलं नाही' अशी नोंद, आणि आज पुन्हा तीच कळ. अशा वेळी लघवीची बाटली खिडकीत ठेवून द्या. उजेडात ती गडद लालसर झाली तर पोर्फिरियाचा, म्हणजे शरीरात हेम बनवण्यातल्या दोषाचा, विचार करा. नाडी जलद, सोडियम कमी, हातापायांत अशक्तपणा, मन अस्थिर अशी साथ असते. निदान लघवीतल्या पोर्फोबिलिनोजेनवरून होतं आणि तो नमुना उजेडापासून झाकून पाठवायचा असतो. उपचार म्हणजे हेमिन आणि ग्लुकोज. अशा माणसाला बार्बिट्युरेट देऊन भूल दिली तर झटका जीवघेणा होऊ शकतो. विनाकारण केलेलं ऑपरेशन इथे नुसतं वाया जात नाही, ते माणसाला मारूही शकतं.

मधुमेहातली आम्लता पोट इतकं दुखवते की ते फुटल्यासारखं वाटतं. रक्तातलं आम्ल उतरतं तसं दुखणं उतरत असेल तर थांबा. आम्ल उतरलं आणि दुखणं तसंच, तर उलटा विचार करा: आतल्या जंतुसंसर्गाने आम्लता झाली असेल. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद केलेल्या माणसाचा दाब सलाईनला दाद देत नसेल तर १०० मिलिग्राम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्या, आधी द्या आणि मग चर्चा करा. शिसं आणि रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम हीसुद्धा जुनी फसवी मंडळी. घराण्यात चालत आलेल्या अँजिओएडिमामध्ये आतड्याची भिंत सुजते, अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत, ॲलर्जीची नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. त्याला वेगळी औषधं आहेत. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या रुग्णाचं सुजलेलं सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी, शक्यतो अँटिबायोटिकवर सांभाळायचं. भोक पडलं, रक्त थांबेना किंवा प्रकृती ढासळत चालली, तरच सुरी.

मोठं आतडं फुगलंय पण अडथळा कुठेच नाही, असाही एक प्रकार आहे. विल्यम ओगिल्व्ही यांनी तो १९४८ मध्ये मांडला. दुसऱ्याच आजाराने खाटेला खिळलेल्या माणसात तो दिसतो. सीकमची रुंदी १२ सेंटिमीटरच्या वर गेली की फुटण्याची भीती. अडथळा आणि भोक नाही याची खात्री केल्यावर, हृदयाच्या मॉनिटरवर, ॲट्रोपिन हाताशी ठेवून २ मिलिग्राम निओस्टिग्मिन हळूहळू द्यायचं. बऱ्याचदा काही मिनिटांतच वारा सरतो. परिणामाची अशी खात्री देणारं औषध सर्जनच्या वाट्याला क्वचितच येतं!

सहावी पायरी: पोट उघडल्यावर

निदान पक्कं नसेल तर छेद मध्यरेषेत घ्या, किंवा रुग्ण स्थिर असेल तर दुर्बिणीने सुरुवात करा. आतलं पाणी पहिली बातमी देतं. पित्त म्हणजे वरचं भोक, मळ म्हणजे खालचं. काळसर, दुर्गंधी रक्ताळ पाणी म्हणजे मेलेलं आतडं. ताजं रक्त आणि गुठळ्या असतील तर स्त्रियांमध्ये आधी श्रोणीत हात, मग प्लीहेकडे. दुधासारखं पांढरं पाणी लसिकावाहिनीतून येतं, ते पू समजून फसू नका.

मग ठरलेल्या वाटेने फिरा. ड्युओडेनम जिथे संपतं तिथे आतडं पकडून हातावर हात सरकवत सीकमपर्यंत या, दोन्ही बाजू बघत. जठराच्या मागची पिशवी उघडा. जठराच्या मागच्या भिंतीतलं भोक समोरून दिसत नाही. दोन्ही जांघांची आतली तोंडं बोटाने चाचपा. अपेंडिक्स निरोगी निघालं असेल तर लहान आतड्याचे शेवटचे ६० ते १०० सेंटिमीटर वर ओढून बघायलाच हवेत, कारण मेकेलचं डायव्हर्टिक्युलम, म्हणजे आतड्याच्या भिंतीची एक पिशवी, तिथेच बसलेलं असतं. सुमारे दोन टक्के माणसांत ते जन्मजात असतं. त्यात जठरासारखं अस्तर असेल तर आम्लाने शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि रक्त जातं. म्हणून रक्तस्रावासाठी ऑपरेशन असेल तर नुसती पिशवी कापू नका, व्रण मागे राहू शकतो. आतड्याचा तो तुकडाच काढून जोड द्या.

*रक्तवाहिनीतली गुठळी.* आडवं मोठं आतडं वर उचला, लहान आतडं उजवीकडे घ्या आणि मेसेंटरीच्या मुळाशी धमनीचा ठोका शोधा. रक्त गोठू न देणारं हेपारिन शंका येताच सुरू झालेलं असावं. धमनीला आडवा छेद देऊन फोगार्टी कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली नळी, पलीकडे सरकवायची आणि फुगा फुगवून गुठळी ओढून काढायची. क्रम मोडू नका: आधी रक्त परत आणा, मगच काय मेलंय ते ठरवा. गरम सलाईनच्या कपड्यात आतडं गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं शांत बसा. काळं निळं वाटणारं आतडं गुलाबी होताना बघणं हा एक वेगळाच अनुभव असतो. रंग, हालचाल, मेसेंटरीतले ठोके या तिन्हींवर निर्णय घ्या. जे निश्चित मेलंय तेवढंच काढा, शंकास्पद ठेवा आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडण्याचं आत्ताच ठरवून टाका. सकाळी रुग्ण बरा दिसला म्हणून ही दुसरी फेरी रद्द करण्याचा मोह होतो. तो टाळा.

*पित्ताचा खडा.* तो बहुतेक लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. अडकलेल्या जागीच कापू नका, तिथली भिंत दबून कमजोर झालेली असते. खडा हलक्या हाताने मागे सरकवा, निरोगी आतड्यावर मेसेंटरीच्या विरुद्ध कडेला उभा छेद द्या, खडा काढा आणि छेद आडवा शिवा, म्हणजे वाट अरुंद होत नाही. खड्याला सपाट पैलू असतील तर त्याला घासणारा दुसरा कुठेतरी आहे, तो शोधा. पित्ताशय आणि त्याचं आतड्याशी झालेलं भोक त्या रात्री सोडवत बसू नये, असं मला वाटतं. रुग्ण वयस्कर, कोरडा पडलेला, दोन-तीन दिवस उलट्या झालेला असतो. त्याला छोटं ऑपरेशन झेपतं.

*आतली हर्निया.* वजन कमी करण्याच्या बायपासनंतरच्या पोटात सगळंच उलटसुलट दिसतं. अशा वेळी सीकमपासून सुरुवात करून वर जा. आतडं आपोआप सरळ होत येतं आणि फट सापडते. ड्युओडेनमच्या डाव्या बाजूच्या पिशवीत आतडं शिरलं असेल तर पिशवीची पुढची कड कापू नका, तिच्यातून इन्फिरियर मेसेंटेरिक शीर जाते. आतडं हळूहळू बाहेर काढून तोंड शिवा. ऑब्ट्युरेटर भोकातून ओढतानाही जोर नको. तिथे बऱ्याचदा आतड्याची अर्धीच भिंत अडकलेली असते आणि ती फाटते.

*पीळ.* सिग्मॉइडला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या डावीकडच्या शेवटच्या वळणाला, पीळ पडला आणि पेरिटोनियमची सूज किंवा गँगरीन नसेल तर दुर्बिणीतून नळी घालून तो सोडवा, पण घरी पाठवू नका. तो परत येतो, म्हणून त्याच मुक्कामात तो भाग काढावा. सीकमचा पीळ दुर्बिणीने सोडवण्यात वेळ घालवू नये. उजव्या बाजूचं आतडं काढणं हाच मार्ग. कुठलाही पीळ काळा पडला असेल तर न उलगडता काढा. उलगडलात तर साचलेलं विष एका झटक्यात रक्तात उतरतं. अंडाशयाच्या बाबतीत हा नियम नेमका उलटा. जांभळं काळं दिसलं तरी पीळ सोडवा आणि अंडाशय जागेवर ठेवा. तरुण मुलीत ते बहुधा सावरतं. डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असंही धरू नका.

*गिळलेल्या वस्तू.* एक लोहचुंबक बहुधा वाट काढतो. दोन असतील, किंवा एक चुंबक आणि एक धातूचा तुकडा, तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत कुजते. मूल हसत-खेळत असलं तरी वाट बघू नका. जठरात असतील तर दुर्बिणीने लगेच काढा. पुढे गेले असतील आणि दुखणं असेल किंवा ते एकाच जागी थांबले असतील तर ऑपरेशन करा. टूथपिक आणि माशाचा काटा एक्स-रेत सहसा दिसत नाहीत, आणि गिळल्याचं रुग्णाला आठवतही नाही.

एकात एक आतडं शिरणं, म्हणजे इंटससेप्शन, मुलांमध्ये हवेच्या एनिमाने सुटतं. मोठ्या माणसात बहुतेकदा त्याच्या टोकाशी गाठ असते. मोठ्या आतड्यात असेल तर ते न सोडवता काढावं. गरोदरपणात अचानक कोसळणाऱ्या स्त्रीत प्लीहेच्या धमनीचा फुगा फुटलेला असू शकतो. पहिल्या फुटीचं रक्त जठरामागच्या पिशवीत अडतं, रुग्ण थोडी सावरते, आणि काही वेळाने दुसऱ्यांदा फुटतो. तो मधला शांत वेळ म्हणजेच ऑपरेशनची संधी.

आणि एक चकवा: जांघेच्या हर्नियात कधी कधी अपेंडिक्सच सापडतं. क्लॉडियस अम्यांड यांनी १७३५ मध्ये लंडनला अकरा वर्षांच्या मुलाच्या हर्नियातून टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स काढलं, आणि अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद तीच. सुजलेलं असेल तर काढा आणि त्या जखमेत जाळी बसवू नका.

सातवी पायरी: थांबायचं कुठे

शरीराचं तापमान ३५ च्या खाली, रक्ताचं पीएच ७.२ च्या खाली, आणि कापाल तिथून रक्त झिरपतंय. या अवस्थेत सुंदर जोड देणारा सर्जन रुग्ण गमावतो. रक्त थांबवा, कुजलेलं काढा, आतड्याची टोकं बांधून किंवा स्टेपल करून आत ठेवा, पोट तात्पुरतं झाका आणि आयसीयूत न्या. दीड-दोन दिवसांनी गरम, सावरलेल्या माणसावर जोड द्या.

पोट बंद करायचं ठरलं तर मध्यरेषेला जवळजवळचे बारीक टाके घ्या, कडेपासून ५ मिलिमीटर आणि एकमेकांत ५ मिलिमीटर; दोरा जखमेच्या लांबीच्या किमान चौपट लागायला हवा. मळाने भरलेल्या पोटावरची कातडी उघडी ठेवली तरी चालते. ताण येत असेल तर ओढूनताणून बंद करू नका. मूत्राशयातून मोजलेला पोटातला दाब २० च्या वर गेला आणि लघवी थांबली, की तेच पोट मध्यरात्री पुन्हा उघडावं लागतं. प्लीहा काढली असेल तर साधारण दोन आठवड्यांनी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लशी द्यायच्या. घरी जाताना ही चिठ्ठी हातात नसेल तर त्या राहूनच जातात.

काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा, अगदी 'साधंच' वाटणारं अपेंडिक्सही. जठराच्या व्रणाच्या कडेचा नमुना विसरू नका, त्यात कधी कधी कॅन्सर निघतो.

हातमोजे काढल्यावर ऑपरेशनची नोंद लिहायला दहा मिनिटं जास्त द्या. काय केलं हे सगळेच लिहितात. काय काय बघितलं आणि निरोगी सापडलं तेही लिहा: जठराची मागची भिंत, शेवटचं मीटरभर लहान आतडं, दोन्ही जांघा, अंडाशय, धमनीचा ठोका. तीन वर्षांनी हाच माणूस दुसऱ्या गावी, दुसऱ्या कुणाच्या टेबलावर असेल आणि तिथला डॉक्टर रात्री दोन वाजता तुमचा हा कागद वाचत असेल.